नदीकाठी पहिला पावसाळा आहे? हे वाच भाऊ

भाऊ, वैनगंगेकाठी बदली झाली म्हणून घाबरू नको, आत्ता एवढंच पक्कं कर. सगळ्यात मोठी चूक म्हणजे रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी जात असताना "गुडघाभरच तर आहे" म्हणून गाडी घालणं, गढूळ पाण्यात खालचा रस्ता खचलाय का ते दिसतच नाही अन मोटारसायकल हातची सुटते, दोन तास थांब पण उतरू नको. दुसरी चूक, ऊन पडलं की निर्धास्त होणं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खाली आभाळ मोकळं असतानाही नदी फुगते. नाल्याला एकदम गढूळ पाणी, काड्याकचरा दिसला की लगेच उंचावर ये.

- वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप टाक, विजेत झाडाखाली थांबू नको
- १०७७ (जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष) अन ११२ (तातडीची मदत) सेव्ह कर
- निघताना गुरांची दावी सोड, बांधलेलं जनावर पोहू शकत नाही रे