मावशी, मी सल्ला घेतलाय की, आठ जणांचा!

पत्र: मावशी, प्रभूत सलाम. मी ३४ वर्षांचा, यंदा गावच्या मंडळीत (चर्चमध्ये) पास्टरेट कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीचा, सेक्रेटरी झालोय. जुना हॉल पाडून नवा बांधायचाय, त्यासाठी घरटी वर्गणी महिना २०० वरून ५०० करायची आणि ती कंपल्सरी, असा माझा प्लॅन आहे. खजिनदार काका (रिटायर मास्तर आहेत) आणि महिला मंडळाच्या एक काकू म्हणतात, अर्धी घरं ऊसतोडीला जातात, आधीचीच बाकी आहे, वर्गणी उलट कमी करा. माझे आठही मित्र म्हणतात, सुरुवातीपासून कडक राहा नाहीतर लोक डोक्यावर बसतील. बायबलच्या नीतिसूत्रांतच लिहिलंय ना की सल्लागार पुष्कळ असले की कल्याण होतं? मग माझं चुकतंय कुठे?

उत्तर: सलाम बाळा. वचन बरोबर आठवलंस, ११:१४, पण मोजणी चुकली. आठ डोकी आणि मत एकच, तेही तू विचारायच्या आधीपासून तुझ्याच मनात असलेलं, मग याला आठ सल्लागार कसं म्हणायचं? इस्राएलच्या अहाब राजाकडे तर ४०० संदेष्टे (देवाचा संदेश सांगणारे) होते, सगळे म्हणाले रामोथ-गिलाद शहरावर चढाई कर, जिंकशील. शेजारी यहूदाचा राजा यहोशाफाट बसलेला, त्यालाच शंका आली, म्हणाला अजून कोणी नाही का? तर अहाब म्हणतो, एक आहे मीखाया, पण मला तो आवडत नाही, माझ्याबद्दल कधी चांगलं बोलतच नाही. शेवटी त्याला बोलावलं, त्याने खरं सांगितलं म्हणून त्याला कैदेत टाकलं आणि राजा लढाईला गेला तो परत आलाच नाही. तुझ्या पत्रात काकांबद्दलचा सूर मला थोडा तसाच वाटला हं, राग मानू नकोस.

पण तुझी गोष्ट खरी जुळते ती शलमोन राजाच्या मुलाशी, रहबामाशी, १ राजे अध्याय १२ आज रात्री परत वाच, सावकाश. शलमोन वारलाय, रहबामाला राजा करायला शखेम गावी सगळे जमलेत, लोकांचं मागणं एवढंच की तुझ्या बापाने आमच्यावर भारी जू ठेवलं ते जरा हलकं कर, आम्ही तुझी चाकरी करू. म्हणजे बंड नाहीये, वर्गणी कमी करा एवढंच म्हणतायत! रहबाम तीन दिवस मागून घेतो, वडीलधाऱ्यांना विचारतो, ते म्हणतात आज तू या लोकांचा सेवक हो, गोड बोल, ते कायमचे तुझे होतील. आता क्रम बघ, त्याने त्यांचा सल्ला आधी टाकला आणि मग आपल्याबरोबर वाढलेल्या पोरांना विचारलं. आणि पोरं म्हणजे काय, रहबाम स्वतः तेव्हा ४१ चा होता, त्याच्याबरोबरचे किती लहान असणार! त्यांनी शिकवलं, सांग की माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे, बापाने चाबकाने मारलं तर मी विंचवांनी मारीन. करंगळीचं वाक्य तो लोकांसमोर बोललेला दिसत नाही, तेवढी तरी लाज वाटली असावी, बाकी सगळं बोलला. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा तिथल्या तिथे उठून गेले.

म्हातारे म्हणून ते बरोबर होते असं मी अजिबात म्हणत नाही, वर्षानुवर्षं खुर्ची न सोडणारे आणि प्रत्येक नव्या गोष्टीला नको म्हणणारे मीही बघितलेत. पण ही माणसं शलमोनासमोर, त्याच्या दरबारात, उभी राहिलेली होती. शलमोनाच्या वेळी ३०,००० माणसं वेठीला लावून, महिन्याला १०,००० अशा पाळीने लबानोनात पाठवली जायची, मागे शेतं कोण बघायचं, घरात काय चालायचं हे त्यांना माहीत असणार. तुझ्याकडे ते काकांच्या वहीत आहे. कुठल्या घराची बाकी आहे आणि का आहे, हे त्या आठांपैकी एकाला तरी सांगता येईल का?

अजून एक. रहबामाने त्यानंतर लोकांकडे कोणाला पाठवलं? अदोरामाला, म्हणजे वेठबिगारीवरच्याच अधिकाऱ्याला! लोकांनी त्याला दगडमार करून मारलं आणि राजा रथात चढून यरुशलेमला पळाला. तुझ्या वतीने दारोदार मागायला कोण जाणार आहे, ते बघ एकदा, कारण कडक राहा म्हणणारे बहुतेक वेळा स्वतः जात नाहीत. आणि पत्रात पाळकसाहेबांचा (मंडळीच्या धर्मगुरूंचा) उल्लेखच नाही, त्यांना विचारलंयस की नाही?

तुझं अजून काही बिघडलेलं नाहीये. रहबामाचं तर राज्य मोडलं होतं, तरी १,८०,००० सैनिक फुटून गेलेल्यांशी लढाईला जमवल्यावर शमाया नावाचा संदेष्टा आला आणि म्हणाला, भावांशी लढू नका, घरी जा, आणि तेव्हा मात्र सगळे ऐकून परत फिरले.

तर वर्गणीची नोटीस लावली असशील तर आधी काढ. एका संध्याकाळी वही घेऊन काकांकडे जा, काकूंनाही तिथेच बोलव, आणि प्लॅन समजावत बसू नकोस, त्यांना बोलू दे, फोन सायलेंटवर. बाकी असलेल्या घरांत तू स्वतः जा, पैसे मागायला नाही, नुसता जा. कंपल्सरी हा शब्द काढून टाक, देणाऱ्याने खुशीने द्यावं. ऊसतोडीची माणसं परत आली की मग हॉलचा विषय सगळ्यांसमोर घे, कदाचित आधी नुसते पत्रे बदलायचं ठरेल. मित्रांपैकी एखाद्याला तुझं पटत नसेल तर तो ग्रुपवर बोलणार नाही, त्याला एकट्याला चहाला घेऊन जा.

– मावशी