त्यांचं गाव कोणतं, ते आधी पाहा

बेटा, सप्रेम जय जगत.

अमेरिकेतल्या कौटुंबिक प्रतिष्ठानाला पाठवायच्या अर्जाचा तुझा मसुदा मिळाला. काम चांगलं आहे, मसुदा तितका नाही.

पहिल्याच पानावर ‘स्थानिक’ आणि ‘जागतिक’ असे दोन रकाने आहेत आणि तू बिनधास्त ‘स्थानिक’वर खूण केलीस. पांढरकवड्याजवळच्या पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, काम करणारी मुलगी दुसरं काय करणार! पण अर्ज त्यांचा आहे, म्हणजे अंगणही त्यांचंच धरायचं. अमेरिकेतल्या त्या कुटुंबाच्या लेखी आपला केळापूर तालुका ‘जागतिक’मध्ये मोडतो. नुसती खूण बदलून मात्र भागणार नाही. या दोन रकान्यांतला पैसा वेगळ्या माणसांच्या हातून आणि वेगळ्या कारणांनी सुटतो.

पॅकार्ड प्रतिष्ठानाचं उदाहरण घे. १९६४ सालचं, ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतून आलेल्या पैशावर उभं राहिलेलं. समुद्र, हवामान, स्त्रियांचं प्रजनन-आरोग्य हे त्यांचे जगभरचे विषय. त्यांच्या स्थानिक अनुदानांत कॅलिफोर्नियातल्या घराजवळच्या पाच काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत, ते समजण्यासारखं आहे. पण त्याच यादीत प्वेब्लो नावाचं एक शहर आहे आणि ते पार दुसऱ्या राज्यात, कोलोराडोत. कारण एवढंच, की डेव्हिड पॅकार्ड तिथं जन्मले. मॉट प्रतिष्ठानही तसंच. १९२६ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात स्थापन झालं, परदेशांतल्या संस्थांनाही पैसे देतं. पण फ्लिंटच्या नळांतून शिसं मिसळलेलं पाणी येऊ लागलं, तेव्हा २०१६ मध्ये त्यांनी पाच वर्षांत १० कोटी डॉलरपर्यंत देण्याचं जाहीर केलं, आपल्या शहरासाठी.

हे सगळं अमेरिकेतलं आणि परकं वाटत असेल तर आमच्या वर्ध्याकडे बघ. जमनालालजी बजाज जन्मले राजस्थानात, सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात. दत्तक आले वर्ध्याच्या बच्छराजजींकडे. त्यांच्या मुलाच्या, कमलनयनजींच्या नावानं जे प्रतिष्ठान आहे, त्याचं ग्रामविकासाचं काम वर्धा आणि सीकर या दोन जिल्ह्यांत उभं राहिलं. नकाशावर या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. घराण्याच्या वंशावळीत आहे.

तर कुटुंबाच्या प्रतिष्ठानाकडे जाताना त्याचं गाव कोणतं, हे आधी शोधायचं. गावाकडचा पैसा बहुधा घरातली माणसं स्वतः देतात. आजीच्या नावाची शाळा, वडिलांच्या आजारपणात सांभाळून घेणारं रुग्णालय, गावचं वाचनालय. रक्कम मोठी असेलच असं नाही, पण तो झरा सहसा आटत नाही, कारण त्यामागे हिशोबापेक्षा माया असते. जागतिक रकान्यातला पैसा विषयाला बांधलेला असतो. तिथं पगारी अधिकारी असतात, धोरण असतं, आणि काही वर्षांनी ते धोरण पुन्हा तपासायला घेतात. तोवर मुलांच्या हाती कारभार आलेला असतो, आणि बापाला शिक्षणाचं वेड असेल तर मुलीला हवामानाचं. प्वेब्लोचं नाव असं सहजी खोडलं जात नाही. एखाद्या देशाचं खोडलं जाऊ शकतं. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, पण तुझ्या पोडावरच्या शिक्षकाचा पगार त्या दिवशी थांबतो. म्हणून पहिल्याच बैठकीत विचार: किती वर्षं राहणार, आणि जाताना किती आधी सांगणार? या प्रश्नानं कोणी रागावत नाही. अमेरिकन उद्योजक चक फीनी यांच्या अटलांटिक फिलँथ्रपीज या संस्थेनं तर सगळा पैसा हयातीतच वाटून संपवायचा असं ठरवून टाकलं होतं, आणि २०२० मध्ये ती बंद झाली. निघण्याची तारीख आधी माहीत असली की घेणाऱ्यालाही बांधाबांध करता येते.

आता तू विचारलंस, की एवढं मोठं प्रतिष्ठान, मग आमच्या पाच लाखांसाठी एवढे आढेवेढे का? कारण त्यांच्याकडचा कायदा. अमेरिकेतल्या खासगी प्रतिष्ठानाला दर वर्षी आपल्या गुंतवणुकीच्या सुमारे ५ टक्के रक्कम धर्मादाय कामावर खर्च करावीच लागते, म्हणजे द्यायची घाई त्यांनाही असते. पण परदेशी संस्थेला देताना एकतर ती संस्था त्यांच्याकडच्या सार्वजनिक धर्मादाय संस्थेच्या तोडीची आहे हे कागदोपत्री ठरवावं लागतं, नाहीतर खर्चावर नजर ठेवण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी लागते. हा खटाटोप पाच लाखांना जेवढा, जवळपास तेवढाच पाच कोटींना. मग ते थोड्याच पण मोठ्या संस्था धरतात. तुझ्या अर्जाला उत्तर आलं नाही तर कामाला कमी लेखलं असं समजू नको.

त्याच कायद्याचा तुला एक फायदाही आहे. ही प्रतिष्ठानं दर वर्षी ९९०-पीएफ नावाचं विवरणपत्र भरतात आणि ते कोणालाही बघता येतं. कोणाला किती दिले याची यादी त्यात असते. संकेतस्थळावर ‘आम्ही तळागाळातल्या समुदायांसोबत’ वगैरे असतंच, ते सगळ्यांच्याच संकेतस्थळावर असतं. तू ती यादी वाच. भारतात दिले का, थेट दिले की अमेरिकेतल्याच एखाद्या मध्यस्थ संस्थेला, सगळ्यात लहान रक्कम किती, तीच नावं दुसऱ्या वर्षी पुन्हा आहेत का. एका संध्याकाळी एवढं कळतं, की निम्मे अर्ज लिहावेच लागत नाहीत. ते बरंच.

आपल्या बाजूचा अडसर त्याहून मोठा आहे आणि तुझ्या मसुद्यात त्याचा उल्लेखही नाही. परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा. तुमची संस्था दोन वर्षांची. ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रक्कम घेण्यासाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, पण त्यालाही दिल्लीच्या हवाल्यावरच राहावं लागतं. नागपूरच्या मोठ्या संस्थेनं पैसे घ्यावेत आणि तुम्हाला पुढे द्यावेत, हे जे तुला कोणीतरी सुचवलं, ते २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद आहे. परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. त्याच दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. यवतमाळच्या तुझ्या सीएकडून आजचे नियम ताडून घे. मग तूच ठरव, की या वर्षी देशातल्याच एखाद्या कौटुंबिक ट्रस्टकडे जाणं शहाणपणाचं नाही का. त्याला एफसीआरए लागत नाही. आयकर सवलतीची १२ए आणि ८०जी नोंदणी तुमच्याकडे आहेच.

कंपन्यांच्या सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीवर, फार भिस्त ठेवू नको. कायद्यात नफ्याचे दोन टक्के आहेत हे खरं, पण कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं हेही त्याच कायद्यात आहे. वणी-चंद्रपूरकडे कोळसा आणि सिमेंट. तुझ्या पोडांच्या आसपास काय? कापूस, तूर आणि टिपेश्वरचे वाघ.

आता मुद्द्याचं. मसुद्यात पानोपानी ‘हवामानबदल’ आहे. तो शब्द त्यांच्या यादीत आहे म्हणून तू घातलास, हे वाचणाऱ्याला दुसऱ्याच पानावर कळतं. मी काही वर्षं एका ट्रस्टच्या निवड समितीवर बसलो आहे. शब्द उसना आहे की घरचा, हे कळायला फार अक्कल लागत नाही. खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही. उलट, जे खरं आहे ते तू लिहिलंच नाहीस. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि तिथूनच कितीदा वणवा लागतो. तुमच्या पोडांनी झाडाखाली जाळ्या बांधून फूल धरायला सुरुवात केली, ही गोष्ट तू मला फोनवर सांगितलीस आणि अर्जात तिचा पत्ताच नाही! सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावानं मिळून जंगल राखण्या-वापरण्याच्या हक्काचा, दावा मंजूर झाला तर तेच लोक ते जंगल राखतील, वणवा विझवतील, तेंदू-मोह स्वतः विकतील. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तो हक्क २००९ मध्ये मिळाला, तेव्हापासूनचं सगळ्यांसमोर आहे. एवढं सरळ लिहिलंस तर हवामान त्यात आपोआप आलं. ते त्यांच्या अधिकाऱ्याला शोधू दे. त्याला त्याचाच पगार मिळतो.

गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेनं हेच केलं. नवजात बाळं का मरतात हा प्रश्न तिथल्या घराघरांतून आला होता. ३९ गावांत, गावातल्याच बायांना शिकवून, घरी जाऊन बाळांची काळजी घेतली. त्या कामाला फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकन प्रतिष्ठानांचा पैसा होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे गावोगावच्या आशा सेविकांमार्फत तीच पद्धत सरकारनं देशभर नेली. न्यूयॉर्क-शिकागोच्या धोरणात जी ‘जागतिक’ प्राथमिकता होती, तिला हातपाय फुटले ते गडचिरोलीच्या झोपडीत. पण तिथं दर बाळाची नोंद होती, हे विसरू नको. तुझ्याकडे पोडवार कुटुंबांची यादी तरी आहे का? नसेल तर अर्ज बाजूला ठेव आणि आधी ती कर.

पैसा कशासाठी मागायचा, यावर माझं मत ठाम आहे. घरकुल, नळ, रस्ता प्रतिष्ठानाकडे मागू नको. कोलाम हा राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली केंद्राची पीएम-जनमन योजना अशा समूहांसाठीच आहे. देणगीदारही पहिला प्रश्न हाच विचारतो: सरकार हे का करत नाही? सरकारी योजनेत जो बसत नाही तो माणूस माग. दाव्याचे कागद भरायला पोडावर मुक्काम करणारा, नकाशा घेऊन म्हाताऱ्यांसोबत गावाची शीव फिरणारा, तहसीलला खेटे घालणारा. त्याच्या पगाराला कुठल्याच योजनेत शीर्षक नाही. तू त्याला ‘इतर खर्च’मध्ये लपवलंस. काहून? तोच तर तुझा प्रकल्प आहे. त्याला पहिल्या ओळीत आण, आणि हिशोबनिसाचा पगारही लाजत-लाजत लिहू नको.

पाहुणे यायचं म्हणाले तर जानेवारीत येतील, हुरड्याच्या दिवसांत. त्या वेळी विदर्भ सगळ्यांनाच आवडतो. त्यांना मे महिन्यात बोलाव, विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरताना दाखव. आले नाहीत तरी बोलावल्याची नोंद राहील. आणि आले, तर बायांना नाचायला लावू नको. हे मी जरा चिडूनच लिहितोय, कारण फार ठिकाणी पाहिलं आहे. पोडाच्या नाईकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, घरी चहा पाजावा, प्रश्न विचारू द्यावेत, उत्तरं लोकांनी द्यावीत. तू मधे बोलू नको.

अर्ज पाठवायच्या आधी तो ग्रामसभेत वाच. मागे एका सभेत एका म्हाताऱ्यानं आमच्या कार्यकर्त्याला अडवलं होतं: “पैसा कोनाचा हाय, अन् त्याले आपल्यापासून काय पायजे, थे पयले सांग बाप्पा.” याला उत्तर देता येत नसेल तर पैसा घेण्याची घाई करू नको. लोकांनी नको म्हटलं तर तसं त्या प्रतिष्ठानाला लिहून कळव. चांगले देणगीदार असं पत्र जपून ठेवतात, पुढच्या वेळी तुझ्या शब्दाला वजन येतं.

आणि आपल्या जवळचं गाव विसरू नको. पांढरकवड्यातून, घाटंजीतून शिकून पुण्याला, बंगळूरला, थेट डॅलसला गेलेली पोरं आहेत. जिनिंगवाल्यांची तिसरी पिढी नागपुरात आहे. त्यातल्या कोणी उद्या कुटुंबाचा ट्रस्ट काढला तर त्यांच्या ‘स्थानिक’ रकान्यात केळापूर असेल. त्यांची यादी कर, वर्षातून एकदा कामाचं साधं पत्र पाठव, पैसे न मागता. परदेशस्थांपैकी कोणाचं नागरिकत्व काय हे मात्र विचारून घे. भारतीय पासपोर्टवाल्यानं आपल्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत, नागरिकत्व बदललेल्याची धरतात.

मसुद्याची पहिली दोन पानं नव्यानं लिही, मोहफुलापासून सुरू कर. बजेट कागदावर लिहून पाठव, मोबाइलवर ते रकाने मला दिसत नाहीत. पोळ्यानंतर मी यवतमाळला येणार आहे, तेव्हा सीएकडे सोबतच जाऊ. येताना ट्रस्ट डीड आणि दोन्ही वर्षांचे ऑडिट घेऊन ये, झेरॉक्स नको, मूळ प्रती.

तुझा,
काकाजी