पूर्णवेळ कोलाज करणाऱ्यांचा दिवस कसा असतो? रोज काहीतरी सुचतं का?

तुम्ही सविस्तर विचारलंय, त्यातनं मला समजलं ते असं की तुम्ही नोकरी करता, रविवारी कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून चित्र, करता, हेच पूर्णवेळ करावं असं मनात आहे पण रोज सुचेल का याची धास्ती वाटते, ज्यावर चिकटवता तो बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, वाकतो, आणि आजीची जुनी पत्रं घरात आहेत ती कापून वापरावीत का ते ठरत नाहीये. मी वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत राहते, बारा वर्षं झाली हेच करतेय आणि घर बऱ्यापैकी यावरच चालतं, म्हणून जरा मोकळेपणी लिहिते.

सुचत नाही हो रोज. पहिली दोन वर्षं मी सकाळी टेबलाशी बसून सुचायची वाट बघायचे आणि दुपारपर्यंत एवढी चिडलेली असायचे की घरात कोणी जवळ यायचं नाही. आता मी सकाळी काही करायचं म्हणून बसतच नाही, निवडायला बसते. तुम्ही इकडे कधी रापण ओढलेली बघितली असेल तर कळेल, जाळं वाळूत आलं की सगळे भोवती बसतात आणि बांगडे एका टोपलीत, तारले दुसऱ्या टोपलीत, बारीकसारीक तिसरीकडे असं निवडत राहतात, तेव्हा कोणी आज काय सुचलं असं विचारत नाही. माझं सकाळी सहा ते आठ तेच चालतं. पडवीत चटई टाकते, गोणीतला कागद उपसते आणि फक्त फाडून बाजूला काढते. सासूबाई पण बसतात आता सोबत. आधी त्यांना वाटायचं सून रद्दी घेऊन काय करते, पण त्यांची नजर माझ्यापेक्षा तेज आहे, मागच्या आठवड्यात एका साडीच्या जाहिरातीतला कोपरा काढून म्हणाल्या, "गो, ह्यो निळो तुका परत खंय गावाचो नाय," आणि खरंच तसा निळा मी आजवर बघितला नव्हता.

एक गोष्ट मात्र मी फार उशिरा शिकले ती तुम्ही आत्ताच करा, कात्रणं विषयावारी लावू नका. फुलांचा एक डबा, माणसांचा एक, घरांचा एक असं लावलं की फुलांच्या जागी फूलच चिकटवलं जातं आणि चित्र शाळेतल्या तक्त्यासारखं दिसतं. मी रंगावारी लावते आणि त्यात पुन्हा कागदाच्या जाडीवारी. समुद्राचा रंग मला समुद्राच्या फोटोत कधीच मिळाला नाही, त्या फोटोंत सगळं एकजात निळंशार असतं, आणि आमचा समुद्र मे महिन्यात दुपारी चारला जसा शिशासारखा दिसतो तो मला मिळाला प्रेशर कुकरच्या जाहिरातीत, कुकरच्या पोटावर प्रकाश पडलेला असतो ना, तिथे. त्या दिवशी मी काहीच ठरवलं नव्हतं, तो तुकडा हातात आला आणि पुढचे आठ दिवस मी त्याच्या मागे होते. सुचणं म्हणतात ते माझ्या बाबतीत हे असं असतं, हातातनं येतं. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी यांची १९५७ च्या सुमारास डोळ्यांच्या ऑपरेशननंतर दृष्टी पूर्ण गेली आणि त्यानंतर त्यांनी कागद कापून कोलाज केली, हे मी वाचलं तेव्हा दोन दिवस माझ्या डोक्यातनं ते गेलं नाही. कागदाची कड बोटाला कळते हे मला माहीत होतं पण त्यावर एवढं मोठं काम उभं राहू शकतं हे माहीत नव्हतं.

कागद येतो तो बाजारातल्या रद्दीवाल्या काकांकडून, ते माझ्यासाठी एक गोणी बाजूला ठेवतात. मासिकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, आंब्याच्या पेटीत घातलेले कागद, आणि कॅलेंडरं. कालनिर्णयची वापरलेली पानं मला सगळ्यात प्रिय. १९७३ ला ज्यांनी ते काढलं ते जयंतराव साळगावकर आमच्या इकडचेच, मालवणचे, आणि इकडच्या घराघरात त्या चौकोनांत दुधाचा हिशोब, सिलेंडर कधी लावला, गाय कधी व्याली, मुंबईची माणसं कोणत्या गाडीने येणार हे सगळं पेनाने लिहिलेलं असतं. एका घराचं अख्खं वर्ष रद्दीत येतं. मी ती पानं कधी घाईत कापत नाही, आधी वाचते. लग्नपत्रिका आली तर नावं आणि पत्ता असलेला भाग पहिल्यांदा काढून टाकते, गाव लहान आहे आणि कोणाचं लग्न कसं टिकलं ते आपल्याला माहीत नसतं. आणि दुसऱ्याने काढलेला फोटो आख्खाच्या आख्खा विकायच्या कामात वापरत नाही, आपल्याकडे फोटोचा कॉपीराइट छापल्यानंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे मी फोटो रंगासाठी आणि पोतासाठी घेते.

आठ वाजता घरचं सगळं, जेवण-बिवण, मग दहाच्या सुमाराला टेबल. आता मांडणी. आणि मांडणी करताना पंखा बंद ठेवावा लागतो, हे तुम्हाला मुंबई-पुण्यात एवढं जाणवत नसेल पण इकडे एप्रिलमध्ये खिडकी पण लावून पंखा बंद करून बसणं म्हणजे काय असतं ते बसल्यावरच कळतं, घाम पडला की तुकडा गेला, म्हणून मनगटाला रुमाल बांधते. किनाऱ्यावरचे चपटे गोटे आणून ठेवलेत ते प्रत्येक तुकड्यावर. कापायला कात्री कमी, मेडिकलमध्ये मिळणारं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि ३ नंबरचं हँडल जास्त, ते कटरपेक्षा बारीक वळतं, फक्त टोक बोथट झालं की लगेच बदलायचं कारण बोथट ब्लेड कागद ओरबाडतं. कात्री वापरलीत तर कात्री स्थिर ठेवा आणि कागद फिरवा.

आणि मांडून झालं तरी चिकटवायचं नाही. हा माझा सगळ्यात कडक नियम आहे. मोबाईलवर फोटो काढते, वर काच ठेवते आणि उठते. दुसऱ्या दिवशी सकाळी निवडून झाल्यावर परत बघते आणि दहातल्या सात वेळा एक तरी तुकडा काढावासा वाटतो, बहुतेक वेळा तोच ज्याच्यावर मी आदल्या दिवशी खूष होते. फ्रेंच चित्रकार मातिस १९४१ च्या मोठ्या ऑपरेशननंतर अंथरुणाला आणि चाकाच्या खुर्चीला खिळला, तेव्हा मदतनीस त्याला कागद रंगवून द्यायच्या, तो कापायचा आणि ते तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावले जायचे, मग तो बघत राहायचा आणि हलवायला सांगायचा, कायमचं चिकटवणं पुष्कळ नंतर. हे वाचल्यापासून मला माझ्या संथपणाची लाज वाटेनाशी झाली. तुम्ही रविवारी सकाळी सुरू करून संध्याकाळी फ्रेम करत असाल तर मला वाटतं तुमची अडचण सुचण्याची नाहीच, तुम्ही रात्र मध्ये जाऊ देत नाही एवढंच आहे.

चिकटवणं दुपारी, उजेड चांगला असतो तेव्हा. मी साध्या कागदाला मैद्याची खळ वापरते, बाइंडिंगवाले वापरतात तीच, एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत आणि मग फडक्यातनं गाळून. कसर आणि बुरशी लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, पण ते विष आहे, वेगळं भांडं ठेवा, हातमोजे घाला आणि मुलांच्या वर्गात तर ती खळ नेऊच नका. खळ सावकाश सुकते त्यामुळे तुकडा सरकवता येतो आणि पुढे कधी काढायचा झाला तर ओल्या फडक्याने सुटतो, फेव्हिकॉल एकदा बसलं की बसलं. गुळगुळीत मासिकाच्या कागदाला मात्र खळ नीट धरत नाही, तिथे फेव्हिकॉलच थोडं पातळ करून लावते. वरून बटर पेपर ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासायचं म्हणजे हवा राहत नाही.

बोर्ड वाकतो अशी तुमची तक्रार आहे ना, त्याचं कारण साधं आहे, ओला कागद फुगतो आणि सुकताना आक्रसतो आणि आक्रसताना बोर्डला आपल्याकडे ओढतो. मग पाठीमागे पण तेवढ्याच वजनाचा कागद त्याच दिवशी लावायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढ सारखी होते. दोन्ही कागदांचा ग्रेन, म्हणजे कागदातले तंतू, एकाच दिशेला पाहिजे, तो बघायला छोटा चौकोन एका बाजूने ओला करा, तो सुरळी होईल, सुरळी ज्या दिशेने लांब तो ग्रेन. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आहे, परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली ती त्याच कलेसाठी, तिथल्या जुन्या पोथ्यांत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा चित्र बघायचं सोडून कडाच बघत बसले होते, किती सरळ राहिलीयत म्हणून. तुम्ही इकडे आलात तर तिथे जाच.

आता जे कोणी सांगत नाही ते, इकडे दिवस कसा जाणार हे पाऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर मी बोर्डवर जवळजवळ काही चिकटवत नाही. खळ तीन-तीन दिवस सुकत नाही, कडेला करडी बुरशी धरते आणि जे सुकल्यासारखं वाटतं ते दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आवळतं. तेव्हा ते चार महिने फक्त निवडणं, कापणं, मांडून फोटो काढणं आणि सगळं पाकिटात घालून पत्र्याच्या ट्रंकेत, सोबत वेखंड आणि सुकलेला कडुनिंब. दसऱ्यानंतर ट्रंक उघडते तेव्हा वीस-पंचवीस कामं अर्धी तयार असतात आणि मग मे पर्यंत मला सुचायची गरजच पडत नाही. पावसात पैसे येतात ते मखराचे, २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून कागदी मखराची मागणी वाढली, ती मी घड्या, खाचा आणि दोऱ्याने करते, ओलं काही लावत नाही. बाकी होमस्टेवाल्यांच्या फ्रेमा, कुटुंबाच्या फोटोंची कोलाजं आणि शाळांतले वर्ग. संध्याकाळ बहुतेक पॅकिंग, कुरियर आणि फोन यात जाते. त्यामुळे नोकरी सोडण्याआधी एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट, रोज सकाळचे दोन तास निवडून बघा. ते दोन तास तुम्हाला आवडले तर बाकीचं जमतं असं माझं मत आहे, आणि ते जड गेले तर रविवार चांगला आहे, तो सोडू नका.

आता आजीची पत्रं. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते, दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि फॉर्मच्या खालच्या कुपनवर ते आजीला दोन ओळी लिहायचे. आजी गेल्यावर ती कुपनं माझ्याकडे आली. काम सुरू करून तिसरं वर्ष असेल, मला वाटलं खरा कागद, खरं अक्षर, याच्यासारखं दुसरं काय, आणि मी त्यातलं एक अस्सल कुपन कापलं आणि त्यावर खळ लावली. शाई दौतीची होती. माझ्या डोळ्यांदेखत निळं पसरत गेलं, मी टिपकागद शोधेपर्यंत सगळं संपलं होतं. "पावसाआधी कौलं चाळून घे" असं लिहिलेलं होतं, त्यातलं फक्त "पावसा" वाचता येतं. आई काही बोलली नाही, तिने उरलेली कुपनं उचलून आपल्या कपाटात ठेवली आणि पुढची चार वर्षं मला दिली नाहीत. ते कोलाज मी विकलं नाही, ते माझ्या टेबलाच्या वर आहे.

म्हणून कापू नका. लेझर झेरॉक्स काढा, रंगीत परवडली तर रंगीत, पण इंकजेटची नको कारण ती शाई पण पाण्याने पसरते, लेझरची पसरत नाही. जरा जुनाट, पिवळसर कागदावर काढलीत तर अक्षर पत्रातल्यासारखं बसतं आणि ती प्रत तुम्ही बिनधास्त फाडा, ओली करा, चुकली तर दुसरी काढा. मूळ पत्रांना लॅमिनेशन अजिबात करू नका, ते परत काढता येत नाही, कोरड्या डब्यात सुटी ठेवा आणि वर्षातून एकदा ऊन असताना सावलीत वारा द्या. आणि अंतर्देशीय पत्रं असतील तर आतला मजकूर काढून थांबू नका, बाहेरची बाजू पण काढा, तिथे पत्ता असतो, पोस्टाचा शिक्का असतो, डिंक लावताना उठलेली बोटं असतात. माझ्या कामात पहिला तुकडा बऱ्याचदा तिथूनच निघालाय.