योग करण्यामागचा आणि शिकवण्यामागचा खरा हेतू काय?

तुम्ही लिहिलंय की योगशिक्षकाचा कोर्स चालू आहे, आसनं चांगली जमतात, पण हे करायचं आणि शिकवायचं नेमकं कशासाठी ते कळत नाही. करण्याबद्दल पतंजलींनी योगसूत्रांतल्या दुसऱ्याच सूत्रात सांगून ठेवलंय की योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध, मनाची चळवळ शांत करणं. ते तुम्हाला पाठ असेलच. मला बोलायचंय ते शिकवण्याबद्दल.

बारा वर्षांपूर्वी मी पुण्यात एका वर्गाला जायचे. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय समोर पसरून बसून पुढे वाकताना, माझं कपाळ गुडघ्याला टेकायला चार बोटं कमी पडायची. एके सकाळी सर मागून आले आणि "सोड, अजून सोड" म्हणत त्यांनी सगळा भार माझ्या पाठीवर टाकला. उजव्या मांडीच्या मागे, बैठकीच्या हाडापाशी, कट्कन आवाज झाला. कपाळ टेकलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि मीसुद्धा हसले.

पुढे आठ महिने स्कूटरवर बसता येईना. सरांना सांगितलं तर म्हणाले, "पाय नाही, तुझा अहंकार दुखावलाय." गुरूला उलट बोलायचं नाही हे घरातलं वळण. गप्प बसले.

त्या काळात आडवं पडून श्वास बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. मुलगी दहावीला होती. तिच्यावर ओरडण्याआधी माझा गळा आवळून येतो हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. दहा वर्षं शीर्षासन करून हे कळलं नव्हतं! ओरडणं काही बंद झालं नाही, पण मधे थांबायला जागा मिळायला लागली. मी योग करते तो त्या जागेसाठी.

आणि शिकवते तेव्हा सरांशी मनात अजून भांडते. पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली, त्या अष्टांगात आसन तिसरं. त्याच्या आधी यम, म्हणजे इतरांशी वागताना पाळायचे संयम, आणि यमांत पहिली अहिंसा. योगसूत्रांतल्या १९५ सूत्रांत आसनाच्या वाट्याला तीन आली, त्यातलं एक म्हणतं प्रयत्न शिथिल करा. तो ज्याचा त्याने करायचा असतो, दुसऱ्याने पाठीवर बसून नाही. शिष्याच्या दुखण्याला अहंकार म्हणणारा माणूस योग शिकवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या वर्गात अडुसष्ट वर्षांच्या एक काकू आहेत. त्या कपाळ समोरच्या खुर्चीवर टेकतात आणि पाच मिनिटं तशाच राहतात. पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी पट्टे, ठोकळे, खुर्च्या वर्गात आणल्या त्या यासाठीच.

हात लावून आसन सुधारणं वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. खांद्यावर दोन बोटं ठेवली तरी कितीतरी ताण सुटतो. फक्त आधी "हात लावू का?" एवढं विचारा. आणि तुमच्या कोर्समध्ये कुणी पाठीवर रेटायला लागलं तर तिथल्या तिथे नाही म्हणा. मी म्हटलं नव्हतं.