सीबीसीच्या रिपोर्टवरून टीबी ओळखता येतो का?

तुमच्या भावाला तीन आठवडे खोकला, संध्याकाळी बारीक ताप. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, हिमोग्लोबिन 9.8, मोनोसाइट 12 टक्के. सोबत वेगळा केलेला ईएसआर, म्हणजे दाह दाखवणारी रक्ततपासणी, 70. 'म्हणजे टीबीच का?' असं विचारलंय तुम्ही. एवढ्यावरून टीबी म्हणता येत नाही. पण त्याचा बेडका उद्या सकाळीच तपासायला द्या.

मी बावीस वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या काचा बघतोय. टीबीत रक्त बदलतं, हे खरं आहे. मोनोसाइट ही पांढरी पेशी रक्तातून फुप्फुसात शिरते, तिथे मोठी होते आणि जंतूंना गिळते. टीबीच्या बारीक गाठी मुख्यतः याच पेशींच्या बनतात. म्हणून काही रुग्णांत मोनोसाइट वाढलेल्या आणि लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी कमी दिसतात, कधी प्लेटलेटही चढतात. हिमोग्लोबिन उतरतं, कारण आत दाह चालू असला की शरीर लोह साठ्यातच दाबून ठेवतं, नव्या तांबड्या पेशींसाठी ते मोकळं होत नाही. असं असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. टीबीची औषधं लागू पडली की हिमोग्लोबिन हळूहळू वर येतं.

पण हेच सगळं इतर जंतुसंसर्गात, संधिवातात, कधी कॅन्सरमध्येही दिसतं. शिवाय नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. एकूण पांढऱ्या पेशी 6,000 असतील तर 12 टक्के म्हणजे 720 मोनोसाइट, आणि हा आकडा बहुतेक लॅबच्या मर्यादेत बसतो.

मला खरी भीती उलट्या बाजूची वाटते. माझ्या मावशीचा सीबीसी अगदी नॉर्मल होता. काच मीच बघितली होती. 'रक्त चांगलं आहे' म्हणून दोन महिने कोणी थुंकी मागितली नाही, मीही नाही. शेवटी थुंकीतच जंतू सापडले. तेव्हापासून खोकला दोन आठवड्यांवर गेला की मी रिपोर्ट देताना थुंकीचं विचारतोच.

जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट या मशीनवर थुंकीत टीबीचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याला लागू पडेल का, दोन्ही कळतं. आणखी एक रक्ततपासणी सांगून कोणी 'टीबी आयजीजी-आयजीएम' करायला लावलं तर करू नका. फुप्फुसाच्या टीबीसाठी त्या अँटिबॉडी तपासण्या भरवशाच्या नाहीत आणि भारतात 2012 पासून त्यांवर बंदी आहे. छातीचा एक्स-रे मात्र काढा. साखर आणि एचआयव्हीही तपासून घ्या.

बेडका देताना भावाला आधी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा. मग उघड्यावर, माणसांपासून लांब उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून काढायचं. डबीत नुसती लाळ आली तर ती देऊ नका, थांबून पुन्हा काढायला लावा.