फोनवर डबस्टेप रिकामं का वाटतं?

प्रश्न : लंडनच्या भाच्याने ‘डीप डबस्टेप’ पाठवलं. फोनवर नुसती टिकटिक ऐकू आली. यात ऐकायचं काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मामा, गाणं तुमच्यापर्यंत पोचलंच नाही! डबस्टेप हे लंडनचं इलेक्ट्रॉनिक नाचगाणं; याचा जीव ४०-६० हर्ट्झच्या बासमध्ये, म्हणजे अगदी खालच्या, घुमणाऱ्या आवाजात, आणि फोनच्या इवल्या स्पीकरला तो काढताच येत नाही. बरे हेडफोन लावा.

मग लय पकडा. मिनिटाला साधारण १४० ठोके, पण स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) इतक्या उशिरा पडतो की चाल ७०ची वाटते. मधली जागा मुद्दाम मोकळी. हे शिकवलं जमैकन डबने, म्हणजे रेगे गाण्यांतून गायन काढून बास आणि प्रतिध्वनी पुढे आणणाऱ्या संगीताने. दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनच्या आसपासच्या पोरांनी ते उचललं. माला, कोकी, लोफा वगैरे डीजे मंडळी २००५पासून दक्षिण लंडनच्याच ब्रिक्स्टनमध्ये ‘डीएमझेड’ नावाच्या क्लबच्या रात्री भरवत. तिथे बास कानांपेक्षा बरगड्यांना आधी कळायचा. मालाने २००६मध्ये ‘डीप मेडी म्युझिक’ हे लेबल (रेकॉर्ड कंपनी) काढलं; भाच्याने पाठवलेल्यात त्याचंही काही असेल.

तुम्ही मात्र सुरुवात बरिअल या लंडनच्या संगीतकाराच्या २००७च्या ‘अनट्रू’ या अल्बमने करा. रेकॉर्डची खरखर, पावसासारखी सरसर, तुटक्या, घासलेल्या आवाजातली आर्तता. जुन्या गझला ऐकणाऱ्याला ते परकं वाटणार नाही, असं माझं मत. (नंतर अमेरिकेत गाजलेला कर्कश डबस्टेप वेगळा. तो मी ऐकत नाही.)

सबवूफर (फक्त बास काढणारा मोठा स्पीकर) घेतलात तर जमिनीवर थेट ठेवू नका, खाली जाड रबर घाला. बास भिंती मानत नाही, खालचे शेजारी वर येतील.