दरमहा 1 लाख 60 हजारांचे कंत्राट की कायम नोकरी?

प्रश्न : मी हिंजवडीतील एका आयटी कंपनीत टेस्ट ऑटोमेशनचे काम करते. येथे मला चार वर्षे पाच महिने झाले असून सीटीसी, म्हणजे कंपनी माझ्यावर करत असलेला एकूण खर्च, वर्षाला 14 लाख रुपये आणि मूळ वेतन दरमहा 58 हजार रुपये आहे. दुसऱ्या कंपनीने मला ‘कन्सल्टंट’ म्हणून अकरा महिन्यांच्या करारावर दरमहा 1 लाख 60 हजार रुपये देऊ केले आहेत. त्यातून 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जाईल, पीएफ नसेल. वर्षभरात घरासाठी कर्ज काढण्याचा आमचा विचार आहे. कायम नोकरी सोडावी का?
– एक वाचक, वाकड

उत्तर : कंत्राटावर काम करणारे सगळेच एका स्थितीत नसतात. मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीच्या पे-रोलवर असलेल्यांना पगार मिळतो आणि त्यांचा पीएफही कापला जातो. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यांना तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मिळते. आपल्याला आलेला प्रस्ताव यांपैकी कोणताच नाही. पीएफ नाही आणि सरसकट 10 टक्के टीडीएस आहे, याचा अर्थ आपण त्या कंपनीच्या कर्मचारी नसाल, तर तिला व्यावसायिक सेवा देणाऱ्या असाल. भरपगारी रजा, कंपनीचा मेडिक्लेम, 26 आठवड्यांची मातृत्व रजा यांपैकी काहीही तेथे हक्काने मागता येणार नाही. प्रकल्प संपला की बेंचवर, म्हणजे नव्या प्रकल्पाची वाट पाहत, बसून पगार घेण्याची सोयही नाही, कारण बिल थांबले की पैसे थांबले.

आपण सोडून जात असलेल्या रकमेकडे आधी पाहावे. ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याची पाच वर्षांची सेवा लागते आणि आपल्याला त्यासाठी सातच महिने उरले आहेत. दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन आणि महिन्याचे 26 दिवस, या हिशेबाने ती रक्कम सुमारे 1 लाख 67 हजार रुपये होते, म्हणजे नव्या ठिकाणच्या एका महिन्याच्या पूर्ण बिलापेक्षा जास्त. मालकाचा 12 टक्के पीएफ, म्हणजे दरमहा 6,960 रुपये, हाही बंद होईल. रजा, सुट्ट्या आणि दोन करारांमधला खंड यांत वर्षाचा दीड महिना गेला असे धरले, तर कागदावरचे 19 लाख 20 हजार रुपये प्रत्यक्षात 16 लाख 80 हजार होतात. त्यातून स्वतःचा आरोग्य विमा वेगळा घ्यावा लागेल. तरीही आजच्यापेक्षा रक्कम जास्तच आहे, हे मान्य केले पाहिजे. फक्त फरक वाटतो तेवढा नाही.

कर आणि गृहकर्ज यांचा विचार मात्र एकत्र करावा लागेल, कारण येथे एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा ठरतो. आयटी व्यावसायिकांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची मुभा आयकर कायद्यात आहे. 19 लाख 20 हजारांवर ते उत्पन्न 9 लाख 60 हजार होते, आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर लागत नसल्याने, अन्य उत्पन्न फारसे नसेल तर कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो. हे ऐकून अनेकजण हुरळून जातात. पण बँक सहसा विवरणपत्रातले उत्पन्न पाहून कर्ज ठरवते, त्यामुळे कर वाचवणारा तोच 9 लाख 60 हजारांचा आकडा आपली पात्रता घटवतो. शिवाय व्यावसायिकांकडून साधारणपणे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली जातात आणि आपल्याकडे व्यावसायिक म्हणून भरलेले एकही नसेल. कामाची वेळ, रजेची मंजुरी, लॅपटॉप हे सगळे एकाच कंपनीकडून येत असेल, तर हा वेषांतर केलेला पगारच नाही ना, असा प्रश्न आयकर विभाग विचारू शकतो. म्हणून करार सनदी लेखापालाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वार्षिक 20 लाखांच्या पुढे लागते. आपण त्या रेषेच्या अगदी जवळ आहात. आपले मासिक मानधन वाढून ती ओलांडली गेली, तर 18 टक्के जीएसटी कंपनीने ठरलेल्या रकमेच्या वर द्यावा, हे करारात आधीच लिहून घ्यावे.

कायम नोकरी आता कितपत कायम राहिली आहे, हा आक्षेप रास्त आहे. टीसीएसनेच जुलै 2025 मध्ये सुमारे 12 हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले होते. तरीही आपल्या बाबतीत मी सात महिने थांबण्याचा सल्ला देईन. ग्रॅच्युइटी पदरात पडू द्यावी आणि गृहकर्जाचे काम पगाराच्या स्लिपा हातात असतानाच उरकावे; हप्ता मात्र दोन-तीन महिने काम नसले तरी भरता येईल एवढाच ठेवावा. ती कंपनी थांबायला तयार नसेल, तर ठरावीक मुदतीची कर्मचारी म्हणून पे-रोलवर घेता का, हे तिला विचारून पाहावे, मग दरमहा पंधरा-वीस हजार कमी मिळाले तरी चालेल. कन्सल्टंट म्हणूनच जायचे ठरले, तर दोन्ही बाजूंना किमान तीस दिवसांची नोटीस लिहून घ्यावी आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, करून ठेवावी, कारण नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे बिल 45 दिवसांच्या आत चुकते करणे खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक आहे.